जुळे पत्ते

मुस्लिम घरात 'पत्ते' हा शब्द सहसा हलक्या आवाजातच उच्चारला जातो. माझ्या लहानपणी घरात पत्त्यांचा कॅट सापडला तर अब्बा तो चुलीत घालीत. त्यांचे म्हणणे सरळ होते : आज रिकामा वेळ म्हणून खेळाल, उद्या पैसे लावाल. कुरआनात 'मैसिर'ला, म्हणजे जुगाराला, शराबच्या जोडीनेच मना केले आहे, हे ते दर वेळी सांगत. त्यांचे चूक होते असे मी म्हणणार नाही. पण याच पत्त्यांना आपल्या इतिहासात एक मानाची जागाही होती, हे मला पुष्कळ उशिरा वाचनातून कळले.

बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराच्या दरबारात बारा रंगांचा, १४४ पानांचा गंजिफा होता, असे अबुल फजल लिहितो. पुढे रूढ झालेला मोगल गंजिफा आठ रंगांचा आणि ९६ पानांचा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश ही त्या रंगांची नावे. हाच खेळ दक्षिणेत उतरला आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांच्या हाती पडला, तेव्हा त्याचे दशावतार झाले : दहा रंग, १२० गोल पाने, लाखेचे लुकण. मोगल खेळात दिवसा सुर्खचा शाह ज्याच्याकडे असेल तो पहिले पान टाकी आणि रात्री सफेदचा शाह असलेला. दशावतारीत तोच मान दिवसा रामाला आणि रात्री कृष्णाला मिळाला. सावंतवाडीच्या राजघराण्याने १९७० च्या दशकात ही मरणपंथाला लागलेली कला पुन्हा उभी केली. इराणी नावाचा खेळ, मोगली दरबार आणि कोकणी चितारी यांची ही सोयरीक पाहिली की माणसे एकमेकांचे किती घेतात आणि घेतल्याचे किती लवकर विसरतात, याचे नवल वाटते.

गंजिफाची आठवण काढली ती एका वेगळ्या कारणासाठी. त्या ९६ किंवा १२० पानांत एकासारखे दुसरे पान नसते. आपल्या ५२ पत्त्यांच्या कॅटमध्येही तसेच. इस्पिकचा एक्का एकच. म्हणून तिथे 'कोणता एक्का?' हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न सुरू होतो तो दोन कॅट एकत्र केले की. मेंढीकोटला माणसे जास्त झाली आणि दोन कॅट घेतले, आणि एकाच हातावर इस्पिकचे दोन एक्के पडले, तर तो हात कोणाचा? आधी टाकणाऱ्याचा की नंतर टाकणाऱ्याचा? काही ठिकाणी पहिल्याला मान, काही ठिकाणी दुसऱ्याला. दोन्ही नियम न्याय्यच आहेत. अट एवढीच की ते पत्ते वाटण्याआधी ठरलेले असावेत. पत्ते पडल्यानंतर ठरवलेला नियम हा नियम नसतो, तो निकाल असतो आणि तोही कोणाच्या तरी बाजूचा.

आता काळ बदलला आहे. इस्पिक-बदामाच्या जागी मुलांच्या हातात जपानी प्राण्यांची चित्रे आली आहेत. शहाद्याला लागून असलेल्या आमच्या लोणखेड्यातही ती आली. किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांशेजारी त्या पाकिटांच्या माळा लटकतात. सोनेरी, चकचकीत पत्ते. मूळ खेळाची ही स्वस्त नक्कल असते, त्यावरचे इंग्रजी धड नसते, आणि मुले ते वाचतही नाहीत. पण नातवामुळे मी त्या मूळ खेळाची माहिती काढली, तेव्हा चकित झालो.

या खेळांना 'ट्रेडिंग कार्ड गेम' म्हणतात. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने १९९३ साली 'मॅजिक : द गॅदरिंग' हा अशा तऱ्हेचा पहिला खेळ आणला. पोकेमॉनचे पत्ते जपानमध्ये १९९६ साली आले. यात प्रत्येक खेळाडू आपला कॅट स्वतः जमवतो. पोकेमॉनचा कॅट ६० पत्त्यांचा, आणि मूळ ऊर्जेचे पत्ते सोडले तर एकाच नावाचे पत्ते त्यात चारपेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणजे जुळे, तिळे, चौळे असणे हा या खेळाचा अपवाद नव्हे, तो पायाच आहे. साहजिकच 'कोणता?' हा प्रश्न इथे पावलोपावली उभा राहतो. समजा, माझ्यासमोर एकाच चित्राचे दोन पत्ते आहेत. एकाला मार बसलेला आहे, दुसरा धडधाकट आहे. दोन्ही उचलून हातात घेतले आणि त्यातला एक पुन्हा मांडला. हा मार खाल्लेला की धडधाकट?

नियम करणाऱ्यांनी याचे जे उत्तर काढले आहे ते मला फार आवडले. मांडलेला पत्ता हातात परत गेला की त्याचा मागचा हिशोब पुसला गेला. पोकेमॉनमध्ये त्याच्यावरच्या इजेच्या खुणा निघतात. मॅजिकच्या नियमात तर स्पष्टच म्हटले आहे की एका जागेहून दुसऱ्या जागी गेलेला पत्ता ही नवी वस्तू मानावी, तिला पूर्वीची आठवण नसते. जे पारखता येणार नाही त्यावर नियमच बांधायचा नाही, हे त्यातले शहाणपण. आणि जे पारखायला हवे ते उघड्यावर ठेवायचे. मॅजिकमध्ये गठ्ठ्यातून अमुक जातीचाच पत्ता काढण्याची मुभा असेल, तर तो काढून समोरच्याला दाखवावा लागतो. दाखवला नाही तर खरे-खोटे करणार कसे?

यात आणखी एक गोष्ट आहे. पत्त्यांचे चेहरे वेगवेगळे असतील, पण पाठी मात्र एकसारख्याच असल्या पाहिजेत. एखाद्याचा कोपरा दुमडला, पाठीवर ओरखडा आला, तर तो 'खुणेचा पत्ता' झाला आणि खेळातून बाद झाला. म्हणून स्पर्धेत खेळणारे आपले सगळे पत्ते एकाच रंगाच्या, मागून आरपार न दिसणाऱ्या पाकिटांत घालून खेळतात.

आमच्या ओट्यावर खेळणाऱ्या मुलांना यातले काही ठाऊक नव्हते. ती तिघे : माझा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, गल्लीपलीकडच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा, आणि धडगावकडून मामाकडे शिकायला आलेला एक पावरा मुलगा. त्यांचा खेळ त्यांनीच रचलेला. पत्त्यावरचा आकडा मोठा त्याचा हात, आणि एकदा वापरलेला पत्ता डाव संपेपर्यंत परत काढायचा नाही. दर आठवड्याला भांडण. "हा वापरलेलाच आहे!" "नाही, हा दुसरा आहे!" शेवटी त्यांचे त्यांनाच सुचले. वापरलेले पत्ते मधोमध उताणे मांडून ठेवायचे आणि जुळा असेल तर तो आडवा ठेवायचा. मग हातात कोणता उरला याचा वादच नाही, खाली कोणते पडले ते मोजले की झाले. सातासमुद्रापार विद्वानांनी जो नियम केला, तोच सहावीतल्या पोरांनी ओट्यावर केला. शंका मिटवायची तर वस्तू उजेडात ठेवा. दुसरे काय?

माझ्या मुलीला हा खेळ पसंत नव्हता, आणि तिच्या शंकेला अर्थ होता. बंद पाकिटात काय आहे ते न पाहता विकत घ्यायचे, सोनेरी पत्ता निघेल या आशेने पुन्हा पाकीट घ्यायचे, हे मैसिरच्या वाटेवरचे नाही का? फिकहमध्ये 'गरर' म्हणून एक कल्पना आहे. ज्या सौद्यात काय मिळणार हेच धूसर आहे तो सौदा टाळावा. मी तिला म्हटले, दहा रुपयांचे खेळणे म्हणून एक पाकीट घेणे वेगळे आणि आशेपायी रोज घेत राहणे वेगळे. दुसरे वाईट, आणि त्याला आपण आवर घालू. 'खरा खेळ', म्हणजे हरलेला पत्ता जिंकणाऱ्याला कायमचा द्यायचा, हा प्रकार मुलांनी माझ्या सांगण्यावरून बंद केला. खेळ संपला की ज्याचे त्याला.

आणि इथेच खरी गाठ पडली. 'ज्याचे त्याला' म्हणायचे तर ज्याचे कोणते?

मुलांनी आपसांत ठरवून सगळ्यांचे पत्ते एका पत्र्याच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली होती. डबा गुजर मुलाच्या घरी असे. त्यात एकाच चित्राचे तीन सोनेरी पत्ते होते : दोन माझ्या नातवाचे आणि एक पावरा मुलाचा. एक दिवस गुजर मुलगा स्वतःच सांगत आला की डब्यातून पडून त्यातला एक पत्ता खाटेच्या पायाखाली आला आणि फाटला. आता राहिले दोन. नातू म्हणे, "माझे दोन होते, मला दोन द्या." पावरा मुलगा म्हणे, "माझा एक होता, मला एक पाहिजे." दोघांचेही बरोबर, पण पत्ते दोनच. आणि गल्लीतल्या एका मोठ्या मुलाने मध्येच तोंड घातले : "तो तर बाहेरचा, त्याचाच फाटला असेल." हे ऐकून त्या पावरा मुलाने मान खाली घातली आणि तो उठून चालू लागला. पत्त्याची किंमत ती काय? पण त्या एका वाक्यानंतर मला ही गोष्ट पोरखेळ म्हणून सोडून देता येईना. तिघांना आणि डब्याला घरात बोलावले.

आपल्या फिकहच्या ग्रंथांत अशा प्रश्नाचा किती बारकाईने विचार झाला आहे, हे आपल्या तरुणांना ठाऊक नसते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. हनफी कायद्यात वस्तूंचे दोन प्रकार मानतात : 'मिस्ली' आणि 'कीमी'. ज्या वस्तूची तंतोतंत जोड बाजारात मिळते, आणि त्या दोहोंत लक्षात घेण्याजोगा फरक नसतो, ती मिस्ली. गहू, तेल, साखर, नाणी. आणि जिची जोड मिळत नाही, जिची स्वतंत्र किंमतच करावी लागते, ती कीमी. जनावर, घर, दागिना. तुर्कस्तानात उस्मानी राजवटीने अहमद जव्दत पाशाच्या देखरेखीखाली १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' नावाची १८५१ कलमांची संहिता केली, तिच्यात या दोहोंच्या व्याख्या अगदी दोन ओळींत दिल्या आहेत.

हा फरक आमच्या शहादा तालुक्यातल्या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे घेणारा घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहतो, पाय पाहतो, कपाळावरचा टिळा पाहतो, दात मोजतो. दोन पांढरे घोडे बाहेरच्याला सारखे वाटतील, पण तिथल्या जाणत्याला नाही. घोडा कीमी. आणि पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा-तापी कारखान्याच्या काट्यावर ऊस उतरला की कोणाचा ऊस कुठे गेला हे कोणी विचारत नाही. साऱ्यांचा रस एक, साखर एक. शेतकऱ्याच्या हाती राहते ती वजनाची पावती. वस्तू हरवते, हिशोब राहतो. ऊस मिस्ली.

आता दोघांच्या मिस्ली वस्तू त्यांच्या संमतीने मिसळल्या तर? कायदा म्हणतो, ती सामाईक मिळकत झाली, ज्याच्या त्याच्या हिश्शाच्या प्रमाणात. त्यातले काही वाया गेले तर नुकसानही त्याच प्रमाणात. त्या हिशोबाने फाटलेल्या पत्त्याचे दोन तृतीयांश नुकसान नातवाचे, एक तृतीयांश पावरा मुलाचे. पण पत्त्याचे तीन तुकडे करून काय उपयोग? मग चिठ्ठी टाकावी लागली असती. 'कुरआ' म्हणजे चिठ्ठी टाकणे याला आपल्याकडे आधार आहे. हजरत मरियमची देखभाल कोणी करावी हे कलमा टाकून ठरले, हजरत युनूस यांच्या नावेतही चिठ्ठी पडली होती. दिसायला जुगार आणि कुरआ सारखेच : दोन्हीकडे नशीब. फरक एवढा की जुगारात दुसऱ्याचे आपल्याकडे यावे म्हणून चिठ्ठी टाकतात, आणि कुरआत सगळ्यांचा हक्क सारखा असताना कोणाचे मन दुखू नये म्हणून.

डबा सांभाळणाऱ्या मुलाचे काय? तो 'अमीन', ठेव सांभाळणारा. त्याने निष्काळजीपणा केला असता तर भरपाई त्याच्याकडून. पण वस्तू सांभाळताना अपघात झाला, आणि त्याने लपवला नाही, स्वतः येऊन सांगितले. त्याच्याकडे बोट दाखवायचे कारण नव्हते. हे मी सगळ्यांसमोर आधीच सांगून टाकले, कारण ते पोर रडकुंडीला आले होते.

पण चिठ्ठीपर्यंत जाण्याआधी एक पायरी असते. वस्तू खरोखरच ओळखू येत नाहीत का, हे आधी पाहायला हवे. सापडलेल्या वस्तूबद्दल पैगंबर साहेबांची शिकवण प्रसिद्ध आहे : थैली कशी, तिची दोरी कशी, हे सापडवणाऱ्याने ध्यानात ठेवावे आणि वर्षभर पुकारा करावा. जो येऊन नेमक्या खुणा सांगेल त्याची ती वस्तू. म्हणून मी डबा न उघडता दोघांना वेगवेगळे विचारले, "तुझ्या पत्त्याची काही खूण?"

नातू म्हणाला, "खूण काय असणार, नाना? सगळे सारखेच तर आहेत."

पावरा मुलगा जरा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, माझ्याच्या पाठीवर खालच्या कोपऱ्याला निळ्या पेनाचा ठिपका आहे. बारीक. मीच दिला. इथे एवढे सारखे आहेत, म्हटलं माझा हरवायला नको."

डबा उघडला. दोन साबूत पत्त्यांपैकी एकाच्या पाठीवर, सांगितल्या कोपऱ्यात, मोहरीएवढा निळा ठिपका होता. म्हणजे त्याचा पत्ता साबूत. फाटला तो नातवाचा. सामाईक हिश्शाचा नियम इथे लागूच होत नव्हता, कारण वस्तू ओळखू येत होती. ज्या दोघांना तिन्ही पत्ते मिस्ली वाटत होते त्यांच्या दृष्टीने ते मिस्ली. पण ज्याच्याजवळ एकच होता त्याने तो कीमी करून ठेवला होता. ज्याच्याकडे थोडे असते तो ते खूण करून जपतो. ज्याच्याकडे पुष्कळ असते त्याला सगळे सारखेच दिसते.

नातवाचा चेहरा उतरला. पण पोरगा हुशार. लगेच म्हणाला, "पण नाना, पाठीवर खूण! म्हणजे हा खेळताना ओळखत असणार की तो पत्ता कुठे आहे. हे तर चीटिंग झालं!"

त्याचा मुद्दा खोटा नव्हता, आणि मीही क्षणभर अडलो. एकच ठिपका मालकीचा पुरावाही होता आणि खेळातला दोषही. मालकीला खूण लागते, खेळाला खूण चालत नाही. मग करायचे काय? मजल्लाच्या सुरुवातीला काही सर्वसाधारण सूत्रे दिली आहेत. त्यांतल्या एकाचा आशय असा की खात्रीची गोष्ट शंकेने रद्द होत नाही. दुसरे असे की माणूस मुळात दोषमुक्त धरावा. त्या मुलाने ठिपका ओळखीसाठी दिला हे त्याने न विचारता, स्वतःहून सांगितले होते. डाव जिंकण्यासाठी तो वापरला याचा कोणाकडे काही पुरावा नव्हता. तेव्हा मागचे डाव उकरायचे नाहीत. पुढचे मात्र ठरवायचे. पत्ता त्याचाच, ठिपकाही राहील, पण खेळताना पाठ झाकली पाहिजे.

मुलांनी त्याच दुपारी वह्यांना घालायच्या खाकी कागदाची पाकिटे कापली. खळ लावून सगळ्या पत्त्यांना एकसारखी पाठ केली. डाव संपला की पत्ता बाहेर काढायचा, ठिपका पाहायचा आणि ज्याचा त्याला द्यायचा. नातवानेही मग आपल्या पत्त्यांवर ठिपके दिले, हिरव्या पेनाने. तो उठून चाललेला मुलगा शेवटपर्यंत बसला, आणि जाताना "सर, उद्या येतो" म्हणून गेला. त्या मोठ्या मुलाला मी एवढेच विचारले की 'बाहेरचा' म्हणजे कुठून बाहेरचा? धडगाव आपल्याच जिल्ह्यात आहे.

या प्रकरणाचा मी पुढे बरेच दिवस विचार करीत राहिलो, कारण जुळ्या पत्त्यांचा हा पेच मी शिक्षक म्हणून माणसांच्या बाबतीत अनेकदा पाहिला आहे. आमच्या समाजात नावे मोजकी. शेख युसूफ, शेख सलीम, सय्यद अली. एका वर्गात एकाच नावाची दोन मुले असणे नेहमीचे, आणि बापाचे नावही सारखे निघाले तर बोलायलाच नको. पावरा, वळवी, पाडवी, वसावे आडनावाच्या मुलांचेही तेच. एकदा अशाच दोन विद्यार्थ्यांपैकी एकाची शिष्यवृत्ती दुसऱ्याच्या नावावर जमा झाली. गरीब घरचा पोरगा. आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी कागद न पाहताच सांगितले, "त्याच नावाला पैसे गेलेत ना? मग तुमचं तुम्ही आपसांत मिटवा." म्हणजे दोन माणसे त्यांनी गव्हाच्या दोन पायल्या केल्या. एकात घातले काय, दुसऱ्यात घातले काय, सारखेच. पुढे आईचे नाव लावून दोघांची कागदपत्रे वेगळी केली, तेव्हा पैसे योग्य हाती आले. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचे नाव येईल. या निर्णयाचे पुष्कळांनी स्त्रीसन्मान म्हणून स्वागत केले, ते योग्यच. मला मात्र त्या पोराची आई आठवली. त्याच्या पाठीवरचा निळा ठिपका तीच होती.

सारखेपणाचा दुसरा त्रास याहून मोठा आहे. कुठे काही घडले की एकाच्या नावावरून साऱ्यांचा हिशोब होतो. 'हे सगळे असेच' हे वाक्य मुसलमानाने ऐकले नाही असे होत नाही. पारध्याने, भिलाने, पावऱ्यानेही ऐकले आहे. आणि खरे बोलायचे तर आपणही दुसऱ्यांबद्दल ते म्हणतो. गल्लीतला तो मोठा मुलगा 'बाहेरचा' म्हणाला, तो आपल्यातलाच होता. फाटलेला पत्ता एक, पण बोट सगळ्या गठ्ठ्याकडे. एकाचे ओझे दुसरा उचलणार नाही, हे कुरआनात एकाहून अधिक ठिकाणी सांगितले आहे. टोळ्या आणि कबिले केले ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून, हेही त्यातच आहे. ओळख पटण्यासाठी वेगळेपण दिले आहे, दूर लोटण्यासाठी नव्हे.

मग सारखेपणा वाईटच का? तसेही नाही. पाठी सारख्या असणे ही न्यायाची गरज आहे. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला नाव दिसत नाही, बारकोड दिसतो. ती त्या पोरांची खाकी पाकिटेच. कोणाचा पेपर आहे हे कळले नाही म्हणूनच गुण खरे. हजला जाणारा न शिवलेली दोन पांढरी वस्त्रे अंगावर घेतो, तेव्हा जमीनदार कोण आणि मजूर कोण हे ओळखू येत नाही. मशिदीतल्या सफमध्ये जो आधी आला तो पुढे. या साऱ्या ठिकाणी खूण झाकायची असते. पण दाद मागायला आलेल्या माणसाचे गाऱ्हाणे ऐकताना, त्याचे हक्काचे देताना, त्याच्यावर दोष ठेवताना ती खूण शोधावी लागते. इहराममध्ये सारे एकसारखे दिसतात, तरी हिशोब ज्याचा त्यालाच द्यायचा आहे, अशी आपली श्रद्धा आहे.

कुठे पाठ झाकायची आणि कुठे ठिपका पाहायचा, एवढे ज्याला उमगले त्याला न्यायाचे अर्धे काम जमले. आपल्याकडे नेमके उलटे होते. अर्ज घेताना, घर भाड्याने देताना, नोकरीला ठेवताना जिथे पाठ झाकायची तिथे नाव पाहिले जाते. आणि चौकशी करताना, दोष ठेवताना जिथे एकेकाची खूण पाहायची तिथे सारे एका गठ्ठ्यात टाकले जातात. याला कायदा अपुरा पडतो असे मला वाटत नाही. पाहणाऱ्याला डबा उघडण्याआधी दोन प्रश्न विचारायचा कंटाळा असतो, एवढेच. लोणखेड्याच्या त्या तीन पोरांनी तो कंटाळा केला नाही. त्यांचा डबा अजून गुजर मुलाकडेच असतो.